अल्तार तिथेच राहील, पण तुम्ही या

राय, सासष्टी
जानेवारी २०२६

प्रिय आई, प्रिय बाबा,

ठरलेलं आधी सांगते. या महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला येताय. आल्विन आणि मी मिळून ठरवलंय, आल्विनच्या मम्मींशी बोलणं झालंय, मुलींना तर कधी येताय असं झालंय. आपला रॉबी, माझा भाऊ, आज असता तर त्यानंही हेच केलं असतं.

दुसरी गोष्टही ठरली आहे. आमच्या हॉलमधला अल्तार, घरची वेदी, आहे तिथेच राहणार. त्यावरची मरियाबाईची, येशूच्या आईची, मूर्तीही तिथेच राहणार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते, बाबा बायबलची वचनं सांगायला लागतात आणि मग माझा आवाज चढतो. म्हणून लिहायला बसले. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईला नीट ऐकू जाईल असं.

तुमचा वास्कोचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. स्टेंट बसल्यापासून बाबा पिशवी घेऊन प्रत्येक मजल्यावर थांबतात, हे मला तुमच्याकडून नाही, खालच्या काकींकडून कळलं. आई बाथरूममध्ये घसरली तेही त्यांच्याकडूनच. तुम्ही म्हणता, "तुला कशाला काळजीत टाकायचं?" अगं आई, रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, ती काळजी नाही का? वास्को काही लांब नाही, पण रात्री दोन वाजता तीस किलोमीटरसुद्धा फार लांब असतं.

खोली खालीच आहे, विहिरीच्या बाजूची. सकाळचं ऊन येतं, दुपारी थंड असते. बाथरूममध्ये कमोड बसवलाय, दोन्ही बाजूंना धरायला दांडे लावलेत आणि खालची लादी बदलून खरखरीत घातलीय. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर तुमच्या पंख्यालाही जोडलाय. पोदेर, पाववाला, सकाळी दारात येतो. बाबांना पोयी मिळेल, त्याच बऱ्या, उंडे रोज नकोत. मासळीवाली येते, बांगडे-तारले ताजे असतात. आईला मुडदुश्या आवडतात म्हणून तिला सांगून ठेवलंय. 'नवप्रभा' सुरू केलाय. आई, तुझा बाटली मसाला आणि तुझा खलबत्ता घेऊन ये. स्वयंपाकघरात तुझ्यासाठी एक फळी रिकामी केली आहे. मम्मींनी स्वतःहून केली, मी सांगितलं नव्हतं.

आता अल्ताराचं.

आई, तू मागे विचारलंस, "तुमच्याकडे रोज साडेसातला तेर्स, माळेची प्रार्थना, चालतो, तेव्हा आम्ही कुठं बसायचं?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्यामागचं दुखणं मला कळतं. रॉबी गेल्यावर फेलोशिपची, फक्त बायबल मानणाऱ्या त्या प्रार्थनागटाची, माणसं तुमच्या दारात उभी राहिली. डबे आणले, रात्री सोबतीला झोपली, बाबांना दाढी करायला लावली. तुम्ही कॅथलिक चर्च सोडून त्यांच्याबरोबर गेलात याबद्दल मी तेव्हाही काही बोलले नाही, आताही बोलणार नाही. खरं सांगायचं तर तुम्ही गेलात म्हणून मी बायबल उघडलं. आधी चर्चमध्ये मिस्साला जे वाचतात तेवढंच कानावर पडायचं. तुमच्याशी बोलता यावं म्हणून मी लूक वाचला, मग योहान, मग पौलाची पत्रं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि वाचून झाल्यावरही मी जिथं होते तिथंच आहे. का, ते सांगते.

बाबा म्हणतात, "बायबलमध्ये दाखव." बरोबर आहे, मागायलाच हवं. मरिया कुमारी असताना येशू पोटी आला हे मत्तय आणि लूक दोघांत आहे, त्यावर आपला वाद नाही. काना गावच्या लग्नात तिनं चाकरांना सांगितलं, "तो तुम्हांला जे काही सांगेल ते करा." क्रुसाखाली ती उभी होती. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात, माडीवर प्रार्थना करणाऱ्यांत तिचं नाव आहे. त्यानंतर बायबल तिच्याबद्दल गप्प आहे. पौल तर तिचं नावही घेत नाही, नुसतं "स्त्रीपासून जन्मलेला" म्हणतो. तिचा मृत्यू कुठं झाला, कसा झाला, एक ओळ नाही.

म्हणजे ती देहासकट स्वर्गात घेतली गेली हे मी तुम्हाला बायबलमध्ये दाखवू शकत नाही, आणि दाखवल्याचा आव आणणार नाही. पोप बाराव्या पायसनं ते १ नोव्हेंबर १९५० ला श्रद्धासत्य म्हणून जाहीर केलं. बाबा, तुम्ही तेव्हा तीन वर्षांचे होतात. आईच्या पोटी आली त्या क्षणापासून ती पापाच्या डागाशिवाय होती हे त्याच्याही आधी, ८ डिसेंबर १८५४ ला, नवव्या पायसनं जाहीर केलं. ज्या सणाला आपण चौघं नवे कपडे घालून पणजीच्या त्या उंच पायऱ्या चढायचो, तोच हा. संत थॉमस अक्वायनससारख्या माणसालाही ही गोष्ट त्या रूपात पटली नव्हती. इतकी शतकं चर्चनं त्यावर वाद घातला आहे.

पण जाहीर झालं त्या दिवशी ते जन्माला आलं असं नाही ना. १५ ऑगस्टचा सण पूर्वेकडचे ख्रिस्ती लोक सहाव्या-सातव्या शतकापासून पाळत आले आहेत. आधी लोक गुडघे टेकून मानत होते, कागदावर शिक्का फार उशिरा पडला. माणसांनी हे मनानं रचलं असं तुम्ही म्हणाल. मी म्हणते, पवित्र आत्म्यानं चर्चला सोडून दिलेलं नव्हतं, आणि इतक्या पिढ्यांची प्रार्थना ही नुसती अफवा नसते. इथं आपण वेगळे आहोत. राहू दे.

बाबा, पण मला एक सांगा. नव्या करारात सत्तावीस पुस्तकं आहेत, ही यादी बायबलच्या कुठल्या पानावर आहे? कुठंच नाही. तीच सत्तावीस पुस्तकं मोजून सांगणारी यादी आपल्याला मिळते ती बिशप अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. तुम्ही बंदरात उभी हयात टॅली केलीत. मॅनिफेस्ट, मालाची यादी, कधी खोक्याच्या आत सापडली का तुम्हाला? ती बोटीवाल्यानं हातात द्यावी लागते, मग आतला माल ताडून बघायचा. बायबल आपल्या हातात दिलं ते चर्चनं, परंपरेनं. त्याच हातांनी मरियाबाईही दिली. एक घ्यायचं आणि दुसऱ्यासाठी तेच हात खोटे ठरवायचे, हे मला जमत नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिताना पौलही म्हणतो की तोंडी असो वा पत्रातून, जे शिकवलं ते धरून राहा. तुम्ही लगेच मार्कचा सातवा अध्याय काढाल, माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा सोडता म्हणून. काढा. ते वचनही मी मानते, म्हणून तर प्रत्येक रूढीला मान डोलवत नाही.

आणि आपल्या लोकांचं बघा. आमच्या घरापासून राशोल जवळच आहे. तिथं १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सगळी पवित्र कथा मराठी ओव्यांत. मराठी नवा करार छापून आला तो १८११ साली, तोही तिकडे बंगालात श्रीरामपूरला. मधली जवळजवळ दोनशे वर्षं इकडच्या आणि वसईच्या आपल्या माणसांनी येशूला धरून ठेवलं ते कशाच्या बळावर? ऐकून, गाऊन, माळ ओढून. आजीला अक्षर येत नव्हतं. तिच्या विश्वासात काही कमी होतं असं आई, तूही म्हणणार नाहीस.

तुझ्या नावाचीच गोष्ट घे. तू जन्मलीस ती २६ जुलैच्या आसपास, म्हणून आजीनं तुला आना म्हटलं, मरियेच्या आईच्या नावानं. मरियेच्या आईचं नाव बायबलमध्ये नाही. ते येतं दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून, याकोबाच्या नावावर चालणाऱ्या. तो ग्रंथ चर्चनं बायबलमध्ये घेतला नाही. त्यातलं सगळं खरं मानावं असंही नाही. तरी नाव राहिलं, सण राहिला. लूकमध्ये देवळातली हन्ना आहे, माझं नाव तिच्यावरून आहे असं तू आता म्हणतेस. म्हण. आजी मात्र तुला नाव देताना त्या दुसरीलाच डोळ्यांपुढे ठेवून होती.

येशूच्या भावांचं बाबा दर वेळी काढतात. मार्क ६:३, याकोब, योसे, यहूदा, शिमोन. संत जेरोमनं ३८३ च्या सुमारास, मरियेला पुढे आणखी मुलं झाली म्हणणाऱ्या हेल्विदियसला उत्तर देताना ते जवळचे नातलग ठरवले, पूर्वेकडचे लोक त्यांना योसेफाची आधीची मुलं मानतात. एवढंच लक्षात घ्या की मार्टिन ल्यूथरही मरिया कायम कुमारी राहिली असंच मानत होता. १५२१ मध्ये त्यानं तिच्या स्तोत्रावर भाष्य लिहिलं ते प्रेमानं. यावरून जेवणाच्या टेबलावर वाद नको, एवढी माझी विनंती.

तुमचं म्हणणं कुठं बरोबर आहे तेही लिहिते. मध्यस्थ एकच आहे, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे तसा. मरियाबाई तारत नाही, तारतो तिचा मुलगा. आपल्याकडे काही लोक नवस असे बोलतात की जणू आईकडे गेलं तर मुलाकडे जायलाच नको, ते मलाही खुपतं. गेल्या नोव्हेंबरात रोमहून जे निवेदन आलं त्यात तर स्पष्टच म्हटलंय की तिला 'सहतारक' म्हणणं योग्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, जगभरच्या बिशपांच्या बैठकीत, १९६३ साली मरियेवर वेगळा दस्तऐवज करायचा की चर्चवरच्या दस्तऐवजातच तिला ठेवायचं यावर मतदान झालं. १११४ विरुद्ध १०७४ मतांनी ठरलं की तिला चर्चच्या आतच, आपल्यासारख्या विश्वास ठेवणाऱ्यांत ठेवायचं. बिशप लोकांतही इतकी अटीतटी. मग तुमच्या-माझ्यात मतभेद झाला तर आभाळ कोसळत नाही.

आई, आता फक्त तुझ्याशी.

तू मागे म्हणालीस, "मीच तुला चुकीचं शिकवलं, देव मला विचारेल." मला टायफॉइड झाला होता ती रात्र तुला आठवते? सड्याच्या क्वार्टरमध्ये लाईट नव्हती. तू माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवायचीस, ते गरम झालं की उलटायचीस, आणि उलटताना माळेचा एक मणी पुढे सरकायचा. मला झोप लागायची, जाग यायची, तुझे ओठ हलतच असायचे. नमो मरिये, नमो मरिये. त्या माळेचा क्रूस माझ्या गालाला लागायचा, थंडगार. तू आता त्याला व्यर्थ बडबड म्हणतेस, मत्तयाचा सहावा अध्याय दाखवतेस. आई, ती बडबड नव्हती गं. ते मागणं होतं, आणि तू ते देवाकडेच मागत होतीस, मला शप्पथ. त्या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला, देवदूताचे शब्द आणि मरियेची नातलग अलीशिबा हिचे शब्द. "आमच्यासाठी विनंती कर" हा दुसरा भाग पुढे जोडला गेला, १५६८ च्या प्रार्थनाग्रंथात तो पक्का झाला. तुला तो म्हणवत नसेल तर नको म्हणू. पण त्या रात्रीबद्दल देवाची क्षमा मागू नकोस. ती रात्र माझी आहे. विश्वास म्हणजे काय ते मी तिथं शिकले, धर्मशिक्षणाच्या वर्गात नाही.

आणि ती मूर्ती. घरातला अल्तार काढला तेव्हा तू ती फोडली नाहीस, टाकली नाहीस. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "हिला घेऊन जा, मला बघवत नाही." आमच्या अल्तारावर आहे ती तीच. झग्याचा निळा रंग बाबांनी बंदरातून आणलेल्या ऑईलपेंटचा आहे, अजून चकाकतो. डाव्या हाताचं तुटलेलं बोट रॉबीनं एम-सील लावून बसवलं होतं, जरा जाडच झालंय. ते बोट काढायला मला कुणी सांगू नये. तिच्यापुढे मी गुडघे टेकते तेव्हा मातीची पूजा करत नाही. भक्ती देवाला, मान तिला, हा फरक चर्चनं ठेवलाय, आणि मी तो मनात ठेवूनच वात लावते. "आतापासून सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील" हे तिचेच शब्द लूकमध्ये आहेत. मी त्या पिढ्यांतली एक आहे, दुसरं काही नाही.

आता राहण्याचं. मम्मींशी बोलले आहे. तेर्स साडेसातला सुरू होतो, पाऊण तासात संपतो. तुम्ही तेव्हा बल्कांवात, दारातल्या ओसरीवर बसा, खोलीत बसा, नाहीतर आत येऊन नुसते बसा, कुणी काही म्हणणार नाही. आत यावंसं वाटलं तर एक सांगते. माळेच्या वीस रहस्यांपैकी शेवटची दोन सोडली, तिचं स्वर्गात घेतलं जाणं आणि राणी म्हणून मुकुट, तर बाकीच्यांतलं एकही बायबलबाहेरचं नाही. मम्मींनी कबूल केलंय की आधी त्या-त्या रहस्याचं वचन वाचायचं. बाबांचा आवाज चांगला आहे, त्यांनी वाचलं तर आम्हाला आनंदच होईल. तुमच्या पवित्र शास्त्रातूनच वाचा. जबरदस्ती नाही.

रविवारी आल्विन तुम्हाला फेलोशिपला सोडेल आणि आणेल. पाऊस असो, पाहुणे असोत, हे चुकणार नाही, त्यानं शब्द दिलाय. मी मुलींना घेऊन मिस्साला जाईन.

सायबीण, मरियाबाईची फिरती मूर्ती, वाड्यावर फिरत आमच्याकडे येईल तेव्हा घर भरतं. लादाइन, गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, गाणी होतात, मग उकडलेले चणे आणि वाईन. त्या संध्याकाळी तुम्ही आत पडून राहिलात तरी चालेल. पण बाबा, त्या दिवशी आलेल्या माणसांना पत्रकं वाटायची नाहीत. हे मी स्पष्ट सांगते. ती माणसं आमच्या दारात प्रार्थनेला येतात, आणि तुम्ही आजारी पडलात तर रात्री गाडी काढणारीही तीच आहेत. कुणाला खरंच तुमच्याशी बोलायचं असेल तर बल्कांवात खुर्च्या आहेत, बसा आणि हवं तेवढं बोला.

आणि तुमच्या बाजूनंही माझा शब्द घ्या. तुमच्या गुडघ्यांवर कुणी माळ ठेवणार नाही. तुमच्या खोलीत एकही तसबीर नाही, भिंती मोकळ्या आहेत, हवं तर तुमचं वचनांचं कॅलेंडर लावा. आजारपणात तुम्ही न सांगता मी फादरना बोलावणार नाही. तुमचा पास्टर येईल, त्याला चहा मीच करीन. पुढचं, तुमच्यापैकी एकजण गेल्यावरचं, आत्ता बोलायला नको. पण ते तुमच्या इच्छेप्रमाणे होईल, हे आत्ताच लिहून देते म्हणजे रात्री त्याच विचारात पडून राहू नका.

बरोबर काय आणायचं ते ऐका. दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड, आधार, बाबांच्या बांबोळीच्या हॉस्पिटलच्या सगळ्या फाईली, नुसता शेवटचा कागद आणून चालणार नाही. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, येताना हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. आई, गुडघ्याचा पट्टा घालूनच जिना उतर, आणि एकटी उतरू नकोस, आल्विन वर येईपर्यंत थांब. कपाट तसंच राहू दे, मोठं सामान नंतर बघू. फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही, तुम्हाला परत जावंसं वाटलं तर दार उघडं आहे. वसईहून काकानं सुकेळी पाठवली असतील तर ती मात्र आणा. बाबा एक केळं मोडून माझ्या आणि रॉबीच्या हातात अर्धं अर्धं द्यायचे आणि मोठा तुकडा कुणाला मिळाला यावरून आम्ही भांडायचो. मुलींना ते सांगितलंय, त्या वाट बघताहेत.

धाकटीची यंदा पहिली कम्युनियन आहे, तिची तयारी सुरू झाली आहे. वर्गात प्रार्थना पाठ करून घेतात, ते मी बघते. पण लूकचा पहिला अध्याय तिला कुणीतरी गोष्टीसारखा सांगायला हवा, देवदूत आला तिथपासून मरियेच्या स्तोत्रापर्यंत. आई, ते तू सांग. रात्री तुझ्याजवळच झोपायचं म्हणते आहे, तेव्हा. तुझ्या बायबलमधून, तुझ्या पद्धतीनं, तुला जसं दिसतं तसं. तिनं प्रश्न विचारले तर तुला वाटतील ती उत्तरं दे. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
चिमी